घोडीच्या कासेत गाठ लागली, आता काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घोडी १३ वर्षांची, शिंगरू तोडून, म्हणजे त्याचं आईचं दूध बंद करून वेगळं करून, सहा आठवडे झाले. परवा पोटाखालून हात फिरवताना कासेच्या डाव्या बाजूला लिंबाएवढी टणक गाठ लागली. ताप नाही, खाणंपिणं नेहमीसारखं आहे. पण गाठीला हात लागला की पाय उचलते, आणि गेले काही दिवस शेपटीचं मूळ भिंतीला घासते. एकानं सांगितलं, गायीच्या सडात सोडतात ती ट्यूब आणून सोडा. दुसऱ्यानं सांगितलं, हा कॅन्सर. आता डॉक्टरांना लगेच बोलवायचं की आठवडाभर वाट बघायची, हे तुम्हाला ठरवायचंय.

आजच बोलवा. आणि ती ट्यूब आणू नका. दोन्हीची कारणं सांगतो, कारण ती कळली तर पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

घोडीची कास म्हणजे गायीच्या कासेची लहान आवृत्ती, असं धरून आपण चालतो. बहुतेक चुका इथूनच होतात. गायीला चार सड आणि प्रत्येक सडाला एकच भोक. घोडीला दोनच सड, पण एकेका सडाच्या टोकाला दोन भोकं असतात, कधी तीनही. प्रत्येक भोकामागे कासेचा स्वतंत्र भाग असतो आणि एका भागातलं दूध दुसऱ्यात जात नाही. म्हणजे एकाच सडाच्या पुढच्या भोकातून चांगलं दूध येतं आणि मागच्यातून पिवळ्या गुठळ्या, असं अगदी होऊ शकतं. एक धार बघून 'दूध तर स्वच्छ आहे' म्हणणारे लोक मी खूप पाहिलेत. दोन्ही भोकांची धार वेगवेगळी बघितल्याशिवाय ते कळत नाही.

शिवाय घोडीच्या कासेत एका वेळी फार दूध मावत नाही, दोनएक लिटर. म्हणून नवजात शिंगरू तासातून कित्येकदा तोंड लावतं. ते पिणं अचानक थांबलं की कास तुंबते. शिंगरू तोडल्यानंतरच्या काही आठवड्यांत कासदाह, म्हणजे जंतुसंसर्गानं कास सुजणं, होण्याचा धोका म्हणूनच जास्त असतो. तुमची घोडी नेमकी त्याच काळात आहे. त्यामुळे माझा पहिला संशय कासदाहावर आहे, कॅन्सरवर नाही. पण हे पत्रावरून बांधलेलं अनुमान आहे. हात लावून बघणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्या म्हणण्यापेक्षा वरचं समजा.

डॉक्टर येईपर्यंत तुम्ही स्वतः काय बघायचं? आधी उभं कसं राहायचं ते सांगतो, कारण दुखऱ्या कासेला हात लावताना शांत घोडीही लाथ झाडते. घोडी बांधून ठेवू नका, माणसाच्या हातात द्या, आणि तो माणूस तुमच्याच बाजूला उभा असू द्या. तुम्ही तिच्या बरगडीला खेटून, तोंड शेपटीकडे करून उभे राहा. एक हात पाठीवर ठेवा, म्हणजे तिचं अंग आक्रसलं की तुम्हाला आधी कळेल. दुसरा हात पोटावरून सरकवत मागे न्या. हात मध्येच उचलून एकदम कासेला लावू नका. गुडघे टेकून खाली बसायचं नाही, वाकून डोकं पोटाखाली न्यायचं नाही.

आता आधी निरोगी बाजू चाचपा, मग गाठीची. दोन्हींत उष्णतेचा फरक लागतो का? गाठ कातडीत आहे की कातडीखाली मांसात? हे कळायला कातडी चिमटीत धरून हलकेच सरकवा. कातडीबरोबर गाठही सरकली तर ती कातडीची, कातडी सरकून गाठ जागीच राहिली तर ती आतली. सुजलेल्या भागावर अंगठा दाबून पाच-दहा सेकंद ठेवा आणि उचला. ओल्या मातीत उमटावा तसा खळगा राहिला तर तिथे पाणी साचलंय. टणक राहिली तर आत घट्ट काहीतरी आहे. मग गुदद्वारात थर्मामीटर लावा. निरोगी घोडीचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. 'अंग गरम वाटत नाही' म्हणजे ताप नाही असं नव्हे, म्हणून आकडा लिहून ठेवा.

तिला पाच-सात पावलं चालवूनही बघा. कास दुखत असेल तर घोडी त्या बाजूचा मागचा पाय बाहेरून टाकते, पाऊल आखूड पडतं. पाय दुखतोय म्हणून मला दाखवायला आणलेल्या घोड्यांमध्ये दुखणं कासेत निघालं, असं एकापेक्षा जास्त वेळा झालंय. मालकानं टापा तपासल्या, गुडघे चोळले, पण जांघेत कुणी वाकून बघितलं नाही.

शेपूट घासण्याचं एक साधं कारण कासेतच असतं. घोडीच्या कासेच्या दोन भागांमध्ये खोल खाच असते. तिथे घाम, मेलेली कातडी आणि तेलकट स्राव मिळून काळपट कीट साचतं. कोमट पाण्यात भिजवलेला मऊ कपडा त्या खाचेत दोन मिनिटं धरून ठेवला की ते सुटतं. बोटाच्या पेरावर आलेला तुकडा मेणासारखा चिकट, कडेला पापुद्र्यासारखा आणि उग्र वासाचा असतो. ते निघाल्यावर कित्येक घोड्या मान खाली सोडून उभ्या राहतात, इतकं बरं वाटतं त्यांना. हे कीट कधी कधी इतकं घट्ट बसतं की हाताला गाठच वाटते. म्हणून कातडीवरची गाठ असेल तर आधी हे धुऊन बघा. साध्या पाण्यानं, फार तर सौम्य साबणाचा एक थेंब घालून, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत. जंतुनाशकानं रोज घासू नका, त्यानं नाजूक कातडी सोलते आणि खाज दुप्पट होते. काही आठवड्यांतून एकदा पुरतं. शेपूट घासण्यामागे जंत किंवा माश्या-डासांची ॲलर्जीही असू शकते, तेही डॉक्टरांना सांगा.

पण तुमची गाठ लिंबाएवढी, टणक आणि दुखरी आहे. ती कीट असण्याची शक्यता कमी.

कासदाहात चित्र साधारण असं दिसतं. एक बाजू, क्वचित दोन्ही, गरम, ताणलेली, चकाकणारी. सूज पोटाखालून पुढे सरकते. ताप असतो किंवा नसतो. ताप नसलेला कासदाह भरपूर दिसतो, त्यामुळे ताप नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. धार काढली तर पाणचट, पिवळसर, गुठळ्यांची किंवा रक्ताची छटा असलेली येते. सगळ्यात जास्त आढळणारा जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस झूएपिडेमिकस. पण क्लेबसिएल्ला, ई. कोलाय, स्टॅफिलोकोकस असेही सापडतात आणि त्यांची औषधं वेगळी. म्हणून औषधाच्या आधी नमुना, हा क्रम सोडू नये. सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, पहिल्या एक-दोन धारा सोडून द्यायच्या, मग प्रत्येक भोकाचा नमुना वेगळ्या निर्जंतुक नळीत घ्यायचा. थोडा काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की पांढऱ्या पेशींची गर्दी आणि जंतू त्याच दिवशी दिसतात. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचा, निकाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर अंदाजानं इंजेक्शन सुरू करतील, निकाल आल्यावर लागलं तर बदलतील.

एक गैरसमज इथेच दूर करतो. कासदाह फक्त दुभत्या घोडीला होतो असं नाही. आटलेल्या घोडीला होतो, कधीच न व्यायलेल्या तरुण घोडीला होतो, अगदी मादी शिंगरालाही होतो. 'ही तर दूधच देत नाही, हिला कुठला कासदाह' म्हणून उशीर झाला की आत पू साचून गळू होतं किंवा कास दगडासारखी घट्ट बनून तशीच राहते. पुढच्या वेतात त्या बाजूला दूध कमी येतं.

आता ट्यूबबद्दल. गायीसाठीच्या काही ट्यूबमध्ये लिंकोमायसिन गटाचं औषध असतं. ते घोड्याच्या आतड्यातला जंतूंचा समतोल बिघडवून जीवघेणी हगवण लावू शकतं. गायीला चालतं ते घोडीला चालेल, हे गृहीत इथे थेट जिवावर बेततं. दुसरं, ट्यूबचं टोक गायीच्या भोकाच्या मापाचं असतं. घोडीची भोकं बारीक, त्यात ते जोरानं घातलं की आतलं अस्तर फाटतं आणि बाहेरचे जंतू आत ढकलले जातात. तिसरं, एका भोकात सोडलेलं औषध त्याच भागापुरतं राहतं. रोग दुसऱ्या भागात असेल तर सगळी खटपट वाया. डॉक्टरांनी योग्य औषध निवडून, बारीक टोकाची नळी वापरून, भोकाच्या तोंडाशीच सोडली तर गोष्ट वेगळी. पण घोडीत मुख्य भर अंगात द्यायच्या प्रतिजैविकावरच असतो.

त्याच्या जोडीला तुम्ही करायची कामं साधी आहेत, पण नेमानं करावी लागतात. कास गरम आणि ताणलेली असेल तर दिवसातून दोन-तीन वेळा दहा-पंधरा मिनिटं गार पाण्याची बारीक धार सोडा. गाठ घट्ट असेल आणि पिळताना काही सुटत नसेल तर कोमट ओल्या फडक्याचा शेक द्या आणि मग हलक्या हातानं पिळा. डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच पिळायचं, सांगतील तितक्या वेळा. पिळलेलं जमिनीवर टाकू नका, भांड्यात घेऊन दूर टाका आणि हात धुवा. चालवणं फार महत्त्वाचं. ठाणावर दिवसभर उभ्या घोडीची सूज उतरत नाही, दिवसातून तीन-चार वेळा पायी फिरवलेल्या घोडीची उतरते. दुखणं कमी करायला फ्लुनिक्झिनसारखं औषध डॉक्टर देतील. ते स्वतःच्या मनानं वाढवू नका. घोडी पाणी कमी पीत असेल तर त्यानं किडनीला आणि पोटाला इजा होते. योग्य उपचारानं दोन-चार दिवसांत उष्णता आणि दुखणं कमी होताना दिसतं. तिथे औषध थांबवायचा मोह होतो, तो आवरा.

आता कॅन्सरचं बोलू, कारण तो शब्द तुमच्या डोक्यातून निघणार नाही, आणि मी तो टाळला तर तुम्हाला आणखी भीती वाटेल. घोडीच्या कासेचा कर्करोग दुर्मीळ आहे. कुत्रीत किंवा मांजरीत दिसतो तसा तो सर्रास दिसत नाही. पण झाला तर बहुधा वयस्कर घोडीत होतो, बहुधा वाईट जातीचा असतो, आणि जांघेतल्या लसिका ग्रंथींत व फुप्फुसांत पसरतो. सुरुवातीला तो हुबेहूब चिवट कासदाहासारखा दिसतो: टणक, खडबडीत, सूज, थोडा रक्ताळलेला स्राव. पुढे कातडी फुटून दुर्गंधीची जखम होते.

माझ्या हातून एकदा हे निसटलंय. १८ वर्षांची घोडी, डाव्या बाजूला घट्ट सूज. मी कासदाह धरून औषध दिलं. आठवड्यात थोडी सूज उतरली, मला बरं वाटलं. पुन्हा वाढली, मी औषध बदललं. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी जांघेत सुपारीएवढी दुसरी गाठ लागली तेव्हा मी तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल कर्करोगाचा आला आणि तोवर शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. पहिल्या सूज उतरण्यानं मला फसवलं. गाठीभोवतीचा जंतुसंसर्ग औषधाला बधला होता, गाठ नव्हती. त्या घोडीनंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला. कासदाहाचा एक पूर्ण, नीट निवडलेला कोर्स संपल्यावरही गाठ तशीच असेल तर दुसरं प्रतिजैविक लिहायचं नाही. आधी सोनोग्राफी करायची आणि गाठीतल्या पेशी किंवा तुकडा तपासायला पाठवायचा. सोनोग्राफीत पू साचलेलं गळू आणि भरीव गाठ यांतला फरक बहुधा कळतो. भरीव गाठीचं नाव मात्र तुकड्याशिवाय कळत नाही. हे तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना विचारा. संकोच करू नका, कुठलाही चांगला डॉक्टर या प्रश्नाचा राग मानत नाही.

गाठ कातडीची निघाली तर वाट वेगळी. घोड्यांत कातडीची सर्वांत जास्त आढळणारी गाठ म्हणजे सारकॉइड. ती चामखिळीसारखी, केस गेलेल्या खरबरीत चट्ट्यासारखी किंवा कातडीखालच्या गोटीसारखी दिसते, आणि जांघ ही तिची आवडती जागा. गायीत चामखीळ आणणाऱ्या विषाणूशी तिचा संबंध आहे. तिला दोरा बांधणं, डाग देणं, नखानं खरडणं हे प्रकार करू नका. डिवचलेलं सारकॉइड पूर्वीपेक्षा जोरात वाढतं. तुकडा काढायचा की सरळ उपचार करायचा, हा निर्णयही विचारपूर्वक घ्यावा लागतो. करड्या रंगाची, वयाबरोबर पांढरी होत गेलेली घोडी असेल आणि गाठ काळी, गोल, टणक असेल तर मेलानोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींची गाठ, मनात आणा. १५ वर्षांपुढच्या अशा घोड्यांपैकी सुमारे ८० टक्क्यांत तो कुठे ना कुठे असतो. बहुधा शेपटीखाली असतो, म्हणून शेपूट उचलून तिथेही बघा. माशीचे चावे, लाथ लागून साकळलेलं रक्त, बाहेरून झालेलं गळू हेही होतं. ते इतिहास विचारला की बहुतेक वेळा उलगडतं.

ज्यांची घोडी गाभण आहे किंवा पायाशी शिंगरू आहे त्यांच्यासाठी चार ओळी, कारण त्यांची गणितं निराळी. व्यायच्या आधी दोन-चार आठवडे कास भरू लागते. पोटाखाली गार, न दुखणारी, अंगठा दाबला की खळगा पडणारी सूज येते. ती बहुधा निर्धोक, फिरवलं की उतरते. पण दिवस भरायला महिन्याहून जास्त अवधी असताना कास भरली किंवा दूध गळू लागलं तर वारेचा संसर्ग किंवा जुळं असू शकतं, लगेच दाखवा. घोडीचे दिवस साधारण ११ महिने, सुमारे ३४० दिवस, त्यावरून हिशेब करा. आणि शेवटच्या महिन्यात पोटाखालची सूज अचानक प्रचंड वाढली, दुखू लागली, कास पुढे ओढल्यासारखी दिसली आणि धारेत रक्त आलं तर पोटाचा आधार फाटतो आहे असं समजा. तिथे तासाचा हिशेब असतो.

शिंगरू पायाशी असताना कास ताठ दिसली तर कासेइतकंच शिंगराकडे बघा. त्याच्या कपाळावर, नाकाच्या वरच्या भागावर वाळलेल्या दुधाचे ओघळ दिसले तर ते कासेखाली उभं राहतंय पण पीत नाही, पान्हा त्याच्या तोंडावर सांडतोय. तेव्हा आजारी घोडी नसते, शिंगरू असतं. उलट घोडीच कास लावू देत नसेल आणि शिंगरू पहिल्या दिवसाचं असेल तर चीक दुसऱ्या मार्गानं पोटात गेला पाहिजे. पहिल्या सहा-बारा तासांत मिळाला तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो, २४ तासांनंतर आतडी तो शोषून घेत नाहीत.

म्हाताऱ्या घोडीला, गाभण नसताना, शिंगरू नसताना दूध येऊ लागलं आणि उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नसतील, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराची रक्ततपासणी करून घ्या. १५ वर्षांपुढे हा आजार बराच दिसतो आणि औषधानं आटोक्यात राहतो.

पुढच्या वेळी शिंगरू तोडताना एवढं करा. आधीच्या आठवड्यापासून घोडीची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, कमी करत आणा, तोडल्यावर काही दिवस नुसती वैरण द्या. पाणी कधीच तोडू नका. रोज फिरवा. कास पहिले तीन-पाच दिवस ताठ होईल, ती बघवत नाही म्हणून पिळू नका, रिकामी केली की पुन्हा भरते. त्या ताठरपणामुळेच दूध आटतं. मात्र एकच बाजू वाढली, गरम झाली किंवा घोडी सुस्त झाली, तर पिळण्या-न-पिळण्याचा विचार सोडून डॉक्टरांना बोलवा. तोडल्यापासून दोन महिने आठवड्यातून दोनदा हात फिरवत राहा. तुम्ही फिरवलात म्हणून तर गाठ लिंबाएवढी असतानाच सापडली.

डॉक्टरांना फोन करताना हे सांगा: वय, शिंगरू कधी तोडलं, गाठ कधी लागली आणि तेव्हापासून वाढली का, तापमानाचा आकडा, धार काढली असेल तर कशी दिसली, आधी काही औषध दिलंय का, घोडी पुन्हा गाभण आहे का. गाठीचा फोटो काढताना शेजारी एखादं नाणं किंवा पट्टी धरा. पुढे ती वाढली की कमी झाली हे नुसत्या आठवणीवर ठरवता येत नाही. उपचार संपल्यानंतर चार आठवड्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावर, त्याच जागी पुन्हा हात लावा. सगळं मऊ लागलं तर चांगलंच. गोटीएवढंही काही टणक लागलं तर त्याच आठवड्यात तुकडा तपासायला पाठवून घ्या, आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.